पानं न पडलेली जागा

१

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी बोट दाखवायला नको. मी थापाड्या आहे. घरात माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करायची पद्धत आहे. मेहुणा पाऊण वजा करतो. बायको आधी सगळंच वजा करते आणि मग माझा चेहरा बघून थोडं परत देते. माझं चष्म्याचं दुकान आहे. एकदा एका गिऱ्हाइकाला म्हटलं, या काचेतून बायकोच्या मनातलं दिसतं. तीन दिवसांनी तो परत आला. म्हणाला, नको, जुनाच नंबर द्या.

आता यातलं किती खरं, ते तुम्ही ठरवा. पानांच्या या हकिकतीतूनही खुशाल वजा करा. मी स्वतः करून पाहिलंय. सगळं वजा केल्यावर दोन पावलांएवढी जागा उरते, ती काही जात नाही.

आमच्या घरामागे परस आहे आणि परसात एकच झाड. रोपवाल्याने पेरूचं म्हणून गळ्यात मारलं होतं. बारा वर्षांत त्याने एक पेरू दिलेला नाही. पानं मात्र हात सैल सोडून देतं. अंगठ्याएवढी, पातळ पानं. थंडीची चाहूल लागली की ती पिवळी पडतात आणि पुढे दोन-तीन आठवडे गळत राहतात. त्या दिवसांत माझा नेम ठरलेला. सकाळी चहाच्या आधी खराटा, मग दंताळं, मग ढीग, मग टोपल्याने कोपऱ्यातला खड्डा भरायचा. झाडापासून मागच्या दाराच्या पायरीपर्यंत माझी तेरा पावलं भरतात. हा आकडा तेवढा लक्षात ठेवा. बाकीचे आकडे मी फुगवलेले असू शकतात.

२

यंदा बायकोच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. न्हाणीघर जवळ म्हणून तिचा पलंग मागच्या खोलीत हलवला. त्या खोलीची खिडकी आणि दार परसातच उघडतं. तिचा धाकटा भाऊ मदतीला येऊन राहिला. त्याला आम्ही ‘तत्पर’ म्हणतो. पाणी मागितलं की हा माठ उचलून आणणारा माणूस.

एक दिवसाआड व्यायामाच्या बाई यायच्या. वयाने माझ्याच बरोबरीच्या, पण मला काका म्हणायच्या. त्यांनी मला धरायला शिकवलं. “मागे उभं राहायचं, काका. हात काकूंच्या कोपरांखाली, पंजे वर. दाबायचं नाही, ओढायचं नाही. नुसतं असायचं. आणि काकू, तुम्ही मागे वळून बघायचं नाही.”

तर एका रविवारी संध्याकाळी आमचा सराव चालला होता. ती पाऊल टाकायची आणि विचारायची, “धरलंय ना?” मी म्हणायचो, “धरलंय.” चौथ्या पावलाला मी हात काढून घेतले. पोराला सायकल शिकवताना काढतो ना आपण, तसे. तोंडाने मात्र “धरलंय, धरलंय” चालूच. ती आणखी दोन पावलं चालली. खरं सांगतो, झकास चालली. मग समोरच्या कपाटाच्या आरशात तिला मी दिसलो, हाताची घडी घालून दात काढत उभा असलेला.

ती होती तिथेच खाली बसली. मोडलं-बिडलं काही नाही. रडली असती तर मी निभावून नेलं असतं. ती नुसती फरशीकडे बघत राहिली. तत्परने तिला उचलून पलंगावर बसवलं, तेव्हा म्हणाली, “बाकी जगाला काय हव्या त्या थापा मारा. ‘धरलंय’ एवढा एक शब्द मला खोटा सांगायचा नाही.”

“नाही सांगणार,” मी म्हटलं.

“आणि तुम्हाला धरता येत नसेल, तर दुसऱ्या कोणाला तरी बोलवा.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ! मी खिडकी उघडली, तोंडाभोवती हात धरले आणि रिकाम्या परसाकडे बघून ओरडलो, “अहो, आहे का कोणी? आमच्या हिला धरायला माणूस पाहिजे!”

कोणी हसलं नाही. तत्परसुद्धा. बायकोने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि कपाटाच्या आरशावर चादर टाकायला लावली. माझं तोंड त्यात दिसायला नको म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून तिने उभं राहायचंच सोडलं. व्यायामाच्या बाईंनी समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी मला बाहेर घेऊन म्हणाल्या, “काका, दोन आठवडे. तेवढ्यात चालल्या तर चालल्या. एकदा गुडघा आखडला की मग काकू आणि ही खोली, एवढंच राहील.”

३

त्याच सोमवारी सकाळी मी झाडायला गेलो. रात्री भरपूर पानं गळली होती. सगळं परस पिवळं दिसत होतं. झाडाच्या बुंध्याशी मात्र दोन जागा उघड्या होत्या. शेजारी शेजारी, वीतभराहून थोड्या लांब, एका टोकाला निमुळत्या आणि दुसऱ्या टोकाला बारीक बारीक खाचा असलेल्या. काळी माती स्वच्छ दिसत होती. आजूबाजूची पानं कडेपर्यंत येऊन थांबली होती.

मांजर बसून गेलं असेल, असं म्हणून मी खराटा मारला. मांजर दोन ठिकाणी एकदम बसत नाही, हे चहा पिताना लक्षात आलं. मग दोन मांजरं, म्हटलं.

मंगळवारी त्या जागा एक पाऊल अलीकडे होत्या. डावी पुढे आली होती, उजवी तिच्या शेजारी. आदल्या दिवशीच्या ठिकाणी नवी पानं पडून गेली होती. त्या खाचा मी वाकून मोजल्या. प्रत्येक बाजूला पाच. बोटं पायरीच्या दिशेला होती.

माझा धंदाच ‘दिसतंय का’ विचारायचा, तेव्हा दुकानात गेल्या गेल्या मी शटर अर्धं ओढून स्वतःचे डोळे तपासले. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली. ती मला पाठ आहे म्हणून उलटीही वाचून पाहिली. डोळे ठणठणीत होते. एवढं वाईट वाटायचं कारण नव्हतं, पण वाटलं.

४

बुधवारी एक पाऊल. गुरुवारी एक पाऊल.

मी कारणं शोधली. जमिनीखालून गरम पाण्याचा नळ जात असेल, म्हणून नळवाल्याला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या परसाखालून गरम पाण्याचा नळ जातच नाही. वारा गोल फिरत असेल, म्हणून दोरीला चिंधी बांधून लोंबत सोडली. ती सरळ लोंबत राहिली. तत्पर चेष्टा करत असेल, असंही मनात आलं. पण तत्परला चेष्टा करायची तर तो आधी माझी परवानगी घेईल.

शुक्रवारी म्हटलं, बघायचं काय त्यात, ओढून टाकू. दंताळं घेतलं आणि त्या जागांवरून सरळ माझ्याकडे ओढलं.

दंताळं अडलं.

दगडाला अडतं तसं नाही. दगडाला दात वाजतात. हे मऊ अडलं. गर्दीत आपली पिशवी कोणाच्या पायाला लागते, तेवढं. आणि गर्दीत करतो तेच मी केलं. चटकन मागे सरून म्हणालो, “माफ करा.”

मग मी आजूबाजूला बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना. खिडकीतून बायको बघत होती.

“कोणाशी बोलताय?”

“दंताळ्याशी.”

“ते तरी ऐकतं का तुमचं?” ती म्हणाली आणि परत भिंतीकडे वळली. त्या आठवड्यातलं तोवरचं ते तिचं माझ्याशी सगळ्यांत लांब बोलणं.

५

त्या दिवसापासून मी झाडणं बंद केलं.

यात काही शौर्य नव्हतं, साधा हिशोब होता. पानं आहेत तोवर ते कुठे आहे ते मला कळतं. पानं झाडली की दिवसभर परस कोरं, आणि मग पाय टाकायचा कुठे? दोरीवरचे कपडे काढायला जातानाही मी लांबून वळसा घालून जायचो.

घरात अर्थातच खटके उडू लागले. तत्पर दिवसातून तीनदा विचारायचा, “भाऊजी, मी झाडू का?” मी म्हणायचो, पाचोळ्याने जमीन उबदार राहते. बायको आतून म्हणायची, “जमिनीला काय स्वेटर घालताय?” मग मी म्हणालो, परदेशात हल्ली कोणी पानं झाडतच नाही. “परदेशात तुमच्यासारखे नवरे पण ठेवत नसतील.” मग मी कंबर धरली. कंबरेवर मात्र दोघांचा विश्वास बसला. माझ्या थापांचं हे असं आहे. ज्या मी जीव ओतून रचतो त्या पडतात आणि आळसाने मारलेली चालून जाते.

शनिवारी मी खरं सांगायचाही प्रयत्न केला. पलंगाच्या कडेला बसून, अगदी साध्या आवाजात. म्हटलं, “हे बघ, परसात कोणीतरी उभं आहे.”

“हो का?”

“रोज एक पाऊल घराकडे येतंय.”

“मग त्याला म्हणावं, येता येता दोरीवरचे कपडे घेऊन ये.”

“अगं, मी खरंच सांगतोय. आपण तुझा पलंग पुढच्या खोलीत नेऊ.”

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. नेहमी बघते तसं, थोडं परत द्यायचं का हे ठरवायला. या वेळी काही परत दिलं नाही. “न्हाणीघर इथे, आणि मी पुढच्या खोलीत. उचलून न्यायला येणार कोण? तुम्ही?”



६

मंगळवारी, म्हणजे नवव्या दिवशी, दुकान लवकर बंद करून मी दुपारच्या चहाला घरी आलो. कप घेऊन मागच्या पायरीवर उभा राहिलो. आता त्या जागा झाडापासून खूप पुढे आल्या होत्या. माझ्यापासून जेमतेम चार पावलांवर. ऊन स्वच्छ होतं, वारा अगदी मंद. झाडावर थोडीच पानं उरली होती. त्यातलं एकेक सुटून आरामात खाली येत होतं. तरंगत तरंगत काही इथवर पोचत होती.

एक पान त्या जागांच्या वर आलं आणि थांबलं.

माझ्या खांद्याच्या उंचीला. हवेत, आडवं. मी मनात मोजले, सात आकडे होईपर्यंत ते तिथे होतं. मग ते एका बाजूला कललं आणि घसरत घसरत, एखाद्या उतारावरून यावं तसं वळण घेत, खाली पडलं.

कोळ्याचं जाळं, मी म्हटलं. परसाच्या मधोमध, कशालाही न बांधलेलं.

मग आणखी दोन आली. ती खांद्यावर थांबली नाहीत. जरा पुढे आणि खाली, कंबरेच्या किंचित वर, एक इथे आणि एक तिथे, मध्ये माणसाच्या अंगाएवढं अंतर. दोन्ही पानं सपाट पडून होती, जशी कोणाच्या वर केलेल्या पंजांवर असावीत. ती हलत नव्हती. घसरतही नव्हती.

चहा गार झाला. मी तो तसाच पिऊन टाकला, कारण कप ठेवायला वाकलो तर नजर काढावी लागली असती.

हात कोपरांखाली, पंजे वर. दाबायचं नाही, ओढायचं नाही. मला ते कुठे पाहिलंय हे आठवायला संध्याकाळ झाली.

७

आता तत्परबद्दल माझ्या मनात राग नाही, हे आधी सांगतो. चूक शब्दाची होती.

बुधवारी मी दुकानात होतो. घरी दुपारची जेवणं झाली. बायको पलंगावरच जेवायची, आणि तिला सोबत म्हणून तत्परही तिथेच स्टूल ओढून बसायचा. जेवण उरकून तो हात धुवायला परसातल्या नळावर गेला. त्याच्या मागून तिने खिडकीतून हाक मारली, “अरे, ती पानं तेवढी उचलून घे रे! किती वेळ पडलीत. मुंग्या लागतील!”

ती म्हणत होती जेवणाची पानं. दोन ताटं, दोन वाट्या, तिच्या उशाशी ठेवलेली.

तत्पर परसात उभा होता, घोट्यापर्यंत पानांत. पाच दिवस ज्या पानांवरून घरात वाद चाललेला, त्याच पानांत. तो मला नंतर म्हणाला, “भाऊजी, मलाही वाटलं, झाडाच्या पानांना मुंग्या कशा लागतील? पण ताई म्हणतेय, तर लागत असतील.”

मी संध्याकाळी घरी आलो तर परस आरशासारखं. एक पान नाही. खड्डासुद्धा रिकामा. त्याने सगळं पोत्यांत भरून, सुतळीने तोंडं बांधून, कचऱ्याच्या गाडीला देऊन टाकलं होतं. आणि खांद्यावर काठी घेऊन तो झाडाखाली घामाघूम उभा होता. झाडावर एकही पान नव्हतं.

“ती का पाडलीस?” मी विचारलं.

“म्हटलं, उद्या परत पडायला नकोत. तुमची कंबर धरलीय ना.”

आतून बायको हसत होती. “अहो ऐकलंत का? मी याला ताटं उचल म्हटलं, तर याने झाड उचललं!”

तिला हसताना बघून मला बरं वाटायला हवं होतं. मी पायरीवर उभा राहून ती स्वच्छ, काळी, सपाट जमीन बघत होतो. पायरीपासून झाडापर्यंत तेरा पावलं. त्यातली दहा सरली होती. ती तीन पावलांची जागा इतर जागेसारखीच दिसत होती.

“झाडताना काही अडलं का तुला?” मी तत्परला विचारलं.

“एकदा खराटा अडला कशाला तरी. बघितलं तर काही नव्हतं.” त्याने खांद्यावरची काठी खाली ठेवली. “मी सॉरी म्हणालो. कशाला म्हणालो, काय माहीत.”

८

गुरुवार, शुक्रवार. या दोन दिवसांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. तेच वाईट होतं.

मी मुठी भरभरून माती टाकून पाहिली. पायरीसमोर, उजवीकडे, डावीकडे. माती सगळीकडे सारखी पडली. म्हणजे तिथे नव्हतं. ते कुठे नाही, एवढंच मला कळत होतं. मागच्या दाराला मी कुलूप लावलं. मग वाटलं, आत आलं असेल तर? कुलूप काढलं. असं चारदा केल्यावर बायको म्हणाली, “दाराला खेळवताय की दार तुम्हाला?”

व्यायामाच्या बाई येऊन गेल्या. बायको उभी राहिली नाही. बाई दारात चप्पल घालताना हळूच म्हणाल्या, “सोमवार शेवटचा, काका. सोमवारी मी पुन्हा गुडघा वाकवून बघेन.”

मी रात्री तिच्या खोलीत खुर्ची टाकून झोपायला लागलो. कंबरेसाठी बसून झोपणं चांगलं, अशी थाप मारली. तिने ऐकली न ऐकल्यासारखं केलं. शुक्रवारी दिवा मालवताना मात्र म्हणाली, “काल रात्री पांघरूण सारखं केलंत ना पायावरचं? ऑपरेशनच्या पायाला जराही धक्का न लावता. तेवढं तरी शिकलात.”

मी रात्रभर खुर्चीतून उठलो नव्हतो. पण माणूस झोपेतही उठतो. मी तसं म्हटलं. म्हणजे स्वतःशी.

९

शनिवारी दुपारी पाण्याच्या टाकीमागे मला एक पोतं सापडलं. तत्परला सुतळी कमी पडली असणार. त्याने ते टाकीला टेकवून ठेवलं आणि विसरला. अर्धं पोतं पानं. सोनं सापडलं असतं तरी मला एवढा आनंद झाला नसता.

तत्पर औषधं आणायला गेला होता. मी पोतं घेऊन आधी पायरीवर पानं टाकली. मुठीमुठीने, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी. पायरी भरली. पायरीवर कोणी नव्हतं. मग उंबऱ्यावर टाकली. उंबराही भरला. पोतं छातीशी धरून मी खांद्याने दार ढकललं.

बायको उभी होती.

माझ्याकडे पाठ करून, पलंगाच्या शेजारी. काठी नाही, वॉकर नाही. वॉकर तिकडे भिंतीशी होता, जवळजवळ दोन आठवडे होता तिथेच. तिचे दोन्ही हात कोपरांत वाकलेले होते आणि कोपरं किंचित उचललेली होती. आपण कशावर तरी हात टेकवतो तेव्हा असतात तशी.

“आज गुपचूप आलात, बरं केलंत,” ती म्हणाली. मान वळवली नाही. मागे बघायचं नाही, हा बाईंचा नियम ती पाळत होती. “काही बोलू नका. बोललात की खोटंच बोलता. कोपरांखाली हात आले तेव्हाच कळलं मला, आज मस्करी नाही.”

मी दारात होतो. तिच्यापासून पाच पावलांवर.

माझ्या हातातलं पोतं कललं. मी ते कलवलं की आपोआप कललं, हे आता सांगता यायचं नाही. पानं फरशीवर सांडली आणि वरच्या पंख्याने पसरत, घरंगळत पुढे गेली. पलंगाखाली गेली. कपाटाशी गेली. तिच्या टाचांपर्यंत मात्र पोचली नाहीत. टाचांच्या जेमतेम मागे ती एका कडेशी येऊन थांबली आणि कडेने वळून गेली. दोन जागा. डावी किंचित पुढे.

“हे काय वाजतंय?”

“पानं. परसातली. दारातून आली.” तीन वाक्यं, तिन्ही खरी.

“आता तत्परला उचलायला सांगू नका, फरशी उपटून नेईल.” ती हसली आणि तिने उजवा पाय उचलला. त्या गुडघ्याचा. तो पुढे ठेवण्याआधी ती थांबली. तिच्या मानेवर घाम दिसत होता. मग तिने ते विचारलं. “धरलंय ना?”

मी तुम्हाला सांगतो, त्या एका क्षणात माणसाला किती विचार करता येतो. खरं सांगितलं असतं तर ती वळली असती. वळली असती तर पडली असती, नाहीतर तिने पाहिलं असतं. यातलं काय जास्त वाईट, ते मला माहीत नव्हतं. सोमवार परवावर आला होता. आणि मी तिला शब्द दिला होता.

“खरं सांगा,” ती म्हणाली.

“धरलंय,” मी म्हणालो.

तिने पाऊल ठेवलं.

१०

पलंगापासून आतल्या दारातून स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत नऊ पावलं आहेत. ती नऊही चालली. मी दारातून बघत होतो. एकेका पावलामागे पानांत एक जागा उघडत होती आणि मागची भरून येत होती. तिच्या पायाखाली पानं चुरचुरत होती. फक्त तिच्याच.

सहाव्या पावलाला ती जरा लडखडली. मी ओरडणार होतो. पण ती पडली नाही. कोपरं तेवढी आणखी वर उचलली गेली, आणि ती सरळ झाली.

“शाबास,” ती म्हणाली. मला.

टेबलाशी पोचल्यावर तिने दोन्ही तळहात टेबलाच्या कडेवर टेकवले आणि मोठा श्वास सोडला. तीन आठवड्यांत तिची पाठ अशी सैल झालेली मी पाहिली नव्हती. वर्षभरात नसेल पाहिली.

“पोचले हो,” ती म्हणाली. “आता सोडा. बसते मी.”

मी दारातच होतो. रिकामं पोतं माझ्या हातात लोंबत होतं.

“सोडलं,” मी म्हणालो.

ती थांबली. मग खुदकन हसली. आमचं लग्न झालं तेव्हा हसायची तशी.

“पुरे झाली मस्करी,” ती म्हणाली. “सोडा म्हटलं ना. अजून धरलंयत की.”